दसऱ्यानंतर ओसाका

ओसाकाला चार दिवस फक्त मासे खायला जायचं, असा बेत ठरला होता, आणि मी म्हणाले, "श्रावण संपू दे." तेव्हा मी जेमतेम चौसष्टची होते, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

बेत माझ्या शेजारणीचा. कॅनडातल्या सस्काटूनच्या आमच्या कॉन्डोत ती समोरच्या दाराआड राहायची. मूळची नागपूरची, नोकरी धान्य तपासण्याच्या लॅबमध्ये झालेली. घास तोंडात गेला की ती डोळे मिटून एक बोट वर करायची. ते खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल; त्याच्या पंगतीला बसलं की कळतं, आपण आजवर नुसतं पोट भरत होतो.

तिच्या वहीत देवळं नव्हती, किल्ला नव्हता. रोज सहा ठिकाणी खाणं, बस्स.

"किल्ला फोटोत पाहून घेऊ ना बाप्पा! फोटोत वास येते का?"

हिवाळ्यात सराव म्हणून तिनं माझ्या आप्पेपात्रात तिकडचे ऑक्टोपसचे गोळे केले, ऑक्टोपसऐवजी ग्रोसरीतली फ्रोझन कोळंबी घालून. धुरानं फायर अलार्म वाजला. उणे तीसमध्ये अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये कुडकुडत उभी, आणि ही ताटली घेऊन एकेकाला भरवतेय.

२०१७ च्या जुलैत तिनं अचानक घाई मांडली. "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाऊन येऊ."

तिच्या जिभेवर गाठ निघाली होती. ऑगस्टअखेरीला ऑपरेशन होतं. हे तिनं पोटात ठेवलं. मी आपली भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत बसले. श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. "दसऱ्यानंतर जाऊ की!"

ती बौद्ध; तिला यातलं काहीच पाळायचं नव्हतं. कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "तुझ्या देवांनी खायला दिवस तरी कोणता ठेवला वं?" आणि हसली. मीही हसले. त्याच श्रावणात नातवाच्या वाढदिवसाला अंड्याचा केक मी दोनदा मागून घेतला, तो कोणत्या शास्त्रात बसतो देव जाणे.

दसरा आला तेव्हा तिची अर्धी जीभ गेली होती आणि ती पोटातल्या नळीतून जेवत होती. बर्फ वितळायच्या आत ती गेली. ओसाका मी अजून पाहिलेलं नाही.

गाठीचं मला कळलं ते थेट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. मी तिच्या दारात उभी राहून ओरडले, "आधी सांगितलं का नाहीस? श्रावण गेला असता खड्ड्यात!"

हॉस्पिटलची बॅग भरताभरता ती बोलली. धड जिभेनं माझ्याशी बोललेलं तेवढंच शेवटचं:

"सांगितलं असतं तर तू आली असती, पण रडत रडत जेवली असती. मले माझ्या ताटातला शेवटचा तुकडा पळवणारी पायजे होती."