गाबसूच्या नावाने

ह्वांग बोकसिमने पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तो आमच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणीत, छत कोसळून गेला. खाणवाले विधवांना कोळसा निवडायच्या पट्ट्यावर काम देत. बोकसिमही काही महिने तिथे उभी राहिली, पण दिवसभर तो काळा दगड हाताळल्यावर संध्याकाळी तिला घास उतरेना. मग ती शहरात जाऊन हजामतीचं काम शिकून आली आणि कामगारांच्या न्हाणीघरासमोर एक खोली घेऊन तिने दुकान थाटलं.

बाईच्या हातून दाढी करून घ्यायला सुरुवातीला कोणी येईना. माणसं न्हाणीघरातून बाहेर पडायची, दाराशी घुटमळायची आणि पुढे जायची. पहिला आत शिरला तो प्यॉन गाबसू. खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि म्हणाला, "वहिनी, मान जागेवर राहिली तर उद्या मित्राला घेऊन येतो." दुसऱ्या दिवशी तो को मानबोकला खरंच घेऊन आला. हे दोघे एकाच पाळीतले. एका अपघातात बोगद्याचं तोंड बंद होऊन ते आत अडकले होते आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर जिवंत सापडले होते. त्यानंतर ते सख्ख्या भावांसारखे राहिले. त्यांच्या मागून बाकीची पाळी बोकसिमच्या दुकानात येऊ लागली. नवऱ्याचे सोबती म्हणून ते सगळे तिचे भावजी आणि ती सगळ्यांची वहिनी. मी तिला काकू म्हणायचो, कारण माझे वडीलही त्याच पाळीत होते.

पुढे खाण बंद पडली. तरुण माणसं गाव सोडून गेली. उरले ते छातीत कोळशाची धूळ घेऊन बसलेले म्हातारे. त्यांची एक संघटना होती, आणि वडील गेल्यावर मी तिथे सचिव म्हणून लागलो. इस्पितळाची गाडी कधी सुटणार, तपासणीसाठी कुणाचा नंबर कधी, कोण आजारी, कोण गेलं, हे सगळं पूर्वी आम्ही छापून घरोघरी पाठवत असू. मग छपाई बंद झाली आणि वेबसाइट आली. प्रत्येक सभासदाला नाव आणि पासवर्ड मिळाला. आत शिरलं की सूचना वाचता येत, तपासणीचा नंबर लावता येई आणि एकमेकांना खासगी निरोप लिहिता येत.

वर्षभराने प्रांताच्या कचेरीतून विचारणा झाली: ही वेबसाइट सभासद वापरतात का? म्हणून कोण कधी आत आलं आणि कुठल्या यंत्रावरून आलं, याची नोंद ठेवणारी सोय आम्ही सुरू केली. महिन्याभराने मी ती उघडून बघितली आणि बुचकळ्यात पडलो. आमच्या गावातले चाळीसएक सभासद एकाच यंत्रावरून आत येत होते. एकामागून एक, रांगेत उभे असल्यासारखे.

अध्यक्ष चोन तेसोक पूर्वी खाणीत सुरक्षेचे अधिकारी होते. बोलणं मोजकं, नियम पक्का. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "कुणीतरी म्हाताऱ्यांची नावं वापरतंय. शोधून काढ."

शोधायला वेळ लागला नाही. सकाळी दुकानात गेलो तर तीन जण भिंतीशी बाकावर बसलेले, एक खुर्चीत, आणि आरशाखाली एक जुना टॅब्लेट उभा करून ठेवलेला. बोकसिम एकाच्या गालाला साबण लावता लावता बाकावरच्या दुसऱ्याला विचारत होती, "भावजी, तुमचा पासवर्ड बदललात का?"

"कशाला बदलू? बायकोचं नाव आहे."

"पहिल्या बायकोचं," तिसरा म्हणाला, आणि हसता हसता तिघांनाही खोकला लागला.

गोष्ट एवढीच होती. त्यांची बोटं वाकडी झालेली, डोळे अधू, कुणाला धड वाचताच येत नव्हतं. केस कापायला आले की बोकसिम त्यांच्या नावाने आत जायची, सूचना मोठ्याने वाचून दाखवायची, नंबर लावायची आणि निरोप लिहून द्यायची. सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ होते. मी कार्यालयात परत येऊन हे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, नियमात बसत नाही, पण काहीतरी वाट काढू.

वाट काढता काढता उन्हाळा गेला आणि वेगळीच गोष्ट पुढे आली. गाबसूच्या मुलीचा फोन आला. शेवटी शेवटी गाबसूला तिने आपल्याकडे, लांब पश्चिम किनाऱ्यावर नेलं होतं. वडील वसंतातच गेले, धावपळीत संघटनेला कळवायचं राहिलं, आता त्यांचं नाव काढून टाका, असं तिने सांगितलं. फोन आला तेव्हा पानगळ सुरू झाली होती. मृत्यूची नोंद करण्याआधी सभासद शेवटचा कधी आत आला होता ते लिहावं लागतं. मी बघितलं. गाबसू त्याच आठवड्यात येऊन गेला होता. त्याच्या आदल्या आठवड्यातही. उन्हाळाभर येत होता. यंत्र तेच, आरशाखालचं.

दुपारी दुकान रिकामं असतं त्या वेळी मी गेलो. बोकसिम टॉवेल वाळत घालत होती. मी काही आडपडदा न ठेवता विचारलं. तिने हातातला टॉवेल पूर्ण झटकला, दोरीवर टाकला, मग खाली बसली.

"मानबोक भावजींसाठी," ती म्हणाली.

मानबोकला मुलंबाळं नव्हती. छाती फारच बिघडल्यावर त्याला समुद्राकाठच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. कानाने ऐकू येत नव्हतं, तेव्हा फोनचा उपयोग नाही. तिथली परिचारिका अक्षरं मोठी करून द्यायची आणि तो दर आठवड्याला गाबसूला निरोप लिहायचा. गाबसू दुकानात येऊन ऐकायचा आणि बोकसिमकडून उत्तर लिहून घ्यायचा. पुढे मुलीकडे गेल्यावर फोनवरून उत्तर सांगायचा. वसंतात मुलीने बोकसिमला बाप गेल्याचं कळवलं, त्याच आठवड्यात मानबोकचा निरोप आला: खोकला कसा आहे?

"गाबसू गेला, असं लिहिलं मी," बोकसिम म्हणाली. "मग ते त्या काचेवर बघितलं. भावजी तिथे एकटे पडून वाचणार. शेजारी आपलं कोणी नाही. पुसून टाकलं. लिहिलं, खोकला कमी आहे, तू जेवलास का. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, तुझं उत्तर आलं की भात गोड लागतो. आता सांग, कसं सांगायचं?"

गावातल्या बाकीच्यांना गाबसू गेल्याचं ठाऊक होतं. पण संघटनेला मुलीने आणि मानबोकला वहिनीने कळवलं असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मी हे अध्यक्षांना सांगितलं. मला वाटलं होतं ते संतापतील. ते संतापले नाहीत. नोंद केली की गाबसूच्या नावापुढे काळी चौकट येणार आणि मानबोकला ती दिसणार, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी म्हणाले, "मेलेल्या माणसाला मेलेला म्हणायचं, एवढं तरी संघटनेने करायलाच हवं. रविवारपर्यंत थांबतो. त्याआधी तिने स्वतः जाऊन सांगावं. तू गाडीने ने."

शनिवारी आम्ही निघालो. बोकसिमने डुकराचं मांस शिजवून डब्यात घेतलं होतं. ते खाल्लं की छातीतली धूळ उतरते, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. घाट उतरेपर्यंत तिने तो डबा मांडीवर धरून ठेवला होता. समुद्र दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "नुसतं बोलून त्यांना ऐकू येणार नाही रे. ओरडून सांगावं लागेल."

तसंच झालं. खोलीत चार खाटा होत्या. मानबोक खिडकीजवळच्या खाटेवर, नाकात प्राणवायूची नळी. वहिनीला बघून त्याचा चेहरा उजळला. तिने त्याचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "काय?" तिने पुन्हा सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. मग बोकसिमने डोळे मिटून मोठ्याने सांगितलं, "गाबसू भावजी गेले!" शेजारच्या तिन्ही खाटांवरची माणसं वळून बघायला लागली.

मानबोकने हात सोडवून घेतला नाही.

"कधी?"

"वसंतात. डोंगरावर फुलं होती तेव्हा," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली.

"मग मला लिहीत कोण होतं?"

"मी."

त्याने आता हात सोडवून घेतला. श्वास लागला होता. थांबत थांबत तो म्हणाला, "मागच्या निरोपात मी विचारलं होतं. आपण अडकलो होतो तेव्हा अंधारात तू मला काय खायला घातलंस, आठवतं का? उत्तर आलं, आठवतं. मी दिवसभर खुशीत होतो." मग त्याने विचारलं, "काय खायला घातलं होतं, वहिनी?"

बोकसिमला ते ठाऊक नव्हतं, मग त्यानेच सांगितलं.

"टेकूच्या लाकडाची साल. त्याने दातांनी सोलली आणि स्वतः चावून मऊ केली, कारण माझा जबडा फुटला होता. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

मी पुढे होऊन काही बोलणार होतो, पण त्याने मला हातानेच थांबवलं. "तुझा नवरा गेला तेव्हा आम्ही तुला लगेच सांगितलं नाही. खणतायत, जिवंत आहे, असं म्हणत राहिलो. तू घरी त्याच्यासाठी भात झाकून ठेवत होतीस. खरं कळल्यावर तू माझ्या दारात येऊन काय म्हणालीस? आठवतं?"

"आठवतं," बोकसिम म्हणाली. पुढचं ती किती मोठ्याने बोलली, हे तिच्या लक्षातही आलं नसावं. "मला रडू दिलं नाहीत, असं म्हणाले होते."

"मग?"

बोकसिमने माफी मागितली नाही. मागितली असती तर तो आणखी चिडला असता, असं मला वाटतं.

थोड्या वेळाने मानबोकने गाबसूच्या नावाने ठेवायला दारू आहे का विचारलं. तिथे दारू चालत नव्हती. परिचारिकेने जवाच्या चहाचा पेला आणून दिला. तो त्याने खिडकीच्या कठड्यावर ठेवायला लावला आणि गाबसू जिकडे गेला ती पश्चिम कुठली ते मला विचारलं. मग म्हणाला, "मला खाली उतरवा." आमच्याकडे मृताला दोनदा दंडवत घालायचा असतो. मी एका बाजूने धरलं, बोकसिमने नळी उचलून धरली. पहिल्यांदा वाकला, पण त्याला उठता येईना. दुसरा दंडवत त्याने जमिनीवरूनच घातला, कपाळ फरशीला टेकवून, आणि तसाच राहिला. त्याची पाठ हलत होती. शेजारच्या खाटेवरचा एक जण, ज्याचा गाबसूशी काही संबंध नव्हता, तोही बसल्या बसल्या वाकला.

निघताना बोकसिमने डबा उशाशी ठेवला. मानबोकने तोंड भिंतीकडे केलं होतं. "पुन्हा येऊ नकोस," तो म्हणाला.

रविवारी मी गाबसूची नोंद केली. सभा बोलावून अध्यक्षांनी सगळी हकीकत सभासदांपुढे मांडली. कुणी बोकसिमची बाजू घेतली, तर कुणी तिच्यावर रागावलं. एकाने विचारलं, उद्या मी मेलो तर माझ्या नावाने तू काय काय लिहिशील? ती उठून म्हणाली, "यापुढे माणूस खुर्चीत बसलेला असेल तरच मी त्याच्या नावाला हात लावेन. नाहीतर नाही." तेवढंच बोलून ती बसली. खाणकामगाराची विधवा म्हणून संघटनेने तिला स्वतःचं सभासदत्व दिलं आणि तिच्या दुकानातून आत येणाऱ्यांच्या नोंदीवर वेगळी खूण ठेवायचं ठरवलं. काही जण त्यानंतर दुकानात फिरकले नाहीत. ते लांबच्या न्हाव्याकडे जाऊ लागले.

येऊ नकोस म्हटलेलं असूनही बोकसिम पुढच्या महिन्यात बस पकडून मानबोककडे गेली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. ती डबा ठेवून परतली. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग एकदा डबा रिकामा परत मिळाला. थंडी ओसरल्यावर एका सकाळी मला नोंदीत दिसलं की मानबोक बऱ्याच दिवसांनी वेबसाइटवर आला होता. दुपारी बोकसिमने स्वतःच मला बोलावून त्याचा निरोप दाखवला. तिच्या नावे आलेला तो पहिला निरोप. लिहिलं होतं: मांसात मीठ कमी होतं.

त्यानंतर त्यांचं लिहिणं चालू राहिलं, स्वतःच्या नावाने. काय लिहीत ते मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, बर्फ पडलेल्या एका सकाळी, शुश्रूषागृहातून कार्यालयात फोन आला. मी आधी दुकानात गेलो. बोकसिमच्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीतल्या माणसाच्या अर्ध्या गालाला साबण. माझ्याकडे बघूनच तिला कळलं. उरलेली दाढी तिने नीट पूर्ण केली, गरम टॉवेलने गाल पुसला, वस्तरा धुऊन ठेवला. मग बाकाकडे वळली.

"मानबोक भावजी आज सकाळी गेले," ती म्हणाली.

बाकावरची माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी टोप्या काढल्या.