टपरीमागची रिकामी जागा

मेहकरच्या चौकातल्या कोणत्या पाटीवरचं कोणतं अक्षर उडालंय, हे नगरपालिकेला ठाऊक नसेल, पण नीळकंठ सरांना तोंडपाठ होतं. हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. दरवर्षी घट बसले की आपल्या गच्चीवर कागद ताणून बसायचा आणि नऊ दिवसांत खालचा अख्खा चौक त्यावर उतरवायचा. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येणारी मंडळी आपट्याची पानं हातात तशीच धरून आधी ओसरीतल्या चित्रापुढे जायची, आपापलं दुकान शोधायला. ते सापडायचंच. कापडवाल्या अर्जुनरावांनी तर एकदा शटरच्या पट्ट्या मोजल्या, चित्रातल्या आणि खऱ्याही. सारख्याच निघाल्या. तेव्हापासून सरांची मान जरा जास्तच ताठ असायची.

चित्रातली एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. बँकेच्या भिंतीला लागून कडूबाची चहाची टपरी होती, ती दरवर्षी चित्रात असायची. पेटलेला स्टोव्ह, वर किटली, दांडीवर वाळणारं गाळण्याचं फडकं, उपडे ग्लास. फक्त चहा करणारा माणूस नसायचा.

ही अट खुद्द कडूबाची. त्याच्या आईची आधीची तीन लेकरं दगावली, म्हणून चौथ्याचं नाव तिनं कडूबा ठेवलं. कडू म्हटल्यावर यमही तोंड फिरवील, अशी त्या माउलीची समजूत. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. तसबिरीला नजर लागते, तुझी तसबीर कधी काढू द्यायची नाही, अशी शपथही तिनं पोराला घातली, आणि पोरानं ती केस पांढरे होईस्तोवर पाळली. स्वतःच्या लग्नात फोटोवाला आला तर पठ्ठ्यानं शेला तोंडावर ओढून घेतला. सरांनी पहिल्या वर्षी गच्चीवर बैठक मारली तेव्हा कडूबा चहा घेऊन वर आला आणि म्हणाला, "सर, टपरी काढा, किटली काढा. मले नका काढू. मायनं शपथ घातली हाये."

"बरं बाबा, नाही काढत," सर म्हणाले.

आणि सव्वीस वर्षं त्यांनी शब्द पाळला. टपरी रंगवायची पाळी आठव्या माळेला यायची, हे सगळ्या चौकाला माहीत होतं. त्या दिवशी कडूबा आपणहून आडोशाला उभा राहायचा. सरांनाही मग त्याची सवय झाली. नजर किटलीवरून निघायची ती थेट भिंतीवर जायची. मधे कुणी असतो, हे पाहणं डोळ्यांनी हळूहळू सोडूनच दिलं.

गेल्या वर्षी दसरा होऊन दीड महिना झाला असेल. कडूबा सकाळी स्टोव्ह पेटवता पेटवता छातीत कळ येऊन जागीच गेला. नवव्या दिवशी त्याची बायको सुभद्राबाई सरांच्या ओसरीत येऊन बसली. हातात कडूबाचं आधार कार्ड होतं. सरकारपुढे बिचाऱ्याचं काही चाललं नव्हतं, पण फोटोत त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"सर, तेरवीले फोटो ठेवा लागते," ती म्हणाली. "हार कशाले घालू? या मिटलेल्या डोयाइले? तुम्ही तं रोज पाह्यलं त्याइले. शटरच्या पट्ट्या चुकत नाहीत तुमच्या. मायची शपथ आता सुटली. तेवढं तोंड काढून द्या."

"तेरवीच्या आत देतो," सर म्हणाले. क्षणभरही विचार केला नाही त्यांनी.

त्याच दुपारी ते कागद घेऊन बसले. टोपी काढली, खांदे काढले, आणि पेन्सिल थांबली. कपाळ केवढं होतं? भुवया कशा होत्या? ते आत गेले.

"शरयू, कडूबाला मिशी होती का गं?"

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "होती की! पांढरी झाली होती. अहो, दिवसातून चारदा त्याच्या हातचा चहा पीत होतात तुम्ही."

सरांनी मिशी काढली. चेहरा कुणा भलत्याच माणसाचा झाला. खोडला, पुन्हा काढला, तो दुसऱ्याच कुणाचा झाला. चाळीस कागद गेले. टपरीमागच्या भिंतीला गेलेला तडा ते डोळे मिटून काढू शकत होते, पण सव्वीस वर्षं त्या तड्यापुढे उभा असलेला माणूस काही केल्या येईना. तेरवीला शेवटी आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून ठेवला. मिटल्या डोळ्यांवर हार घातला. सर पंगतीत खाली मान घालून जेवले. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

त्यानंतर मात्र त्यांची चित्रं बदलली. या चौकाच्या पसाऱ्यानंच कडूबाला झाकून टाकलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. पसारा हटवला की तो दिसेल. आधी त्यांनी पाट्या काढून टाकल्या. मग विजेच्या तारा गेल्या, मग खिडक्या. उन्हाळ्यापर्यंत इमारतींचे कोपरेही गेले. बँक म्हणजे राखाडी रंगाचा एक थर, रस्ता म्हणजे उकळत्या चहाचा तांबूस पट्टा, स्टोव्ह म्हणजे निळा ठिपका. आणि प्रत्येक चित्रात, त्या निळ्याच्या बाजूला, कुंचल्यातून एक उभा पांढरा फराटा यायचा. कशाचा, ते त्यांना सांगता येत नव्हतं. वाफेचा असेल म्हणून त्यांनी तो कितीदा पुसला. पुढच्या चित्रात तो पुन्हा हजर.

यंदाच्या दसऱ्याला अर्जुनराव चष्मा पुसून पुसून थकले. "सर, माहं दुकान कुठी गेलं?"

"आहे की. तो जांभळा."

अर्जुनरावांनी जांभळ्याकडे बराच वेळ पाहिलं, सरांच्या हातावर सोनं ठेवलं आणि गुपचूप निघून गेले. दुसऱ्या दिवशी चौकभर झालं की सर सटकले.

मग वर्षश्राद्ध आलं. आमंत्रण द्यायला सुभद्राबाई आली, ती गच्चीवरच आली. समोर नवं चित्र वाळत होतं.

"मला नाही जमलं हो," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "चेहराच येत नाही."

ती चित्राजवळ गेली आणि पांढऱ्या फराट्यापाशी बोट नेलं.

"हा त्याइचा सदरा ना?"

"सदरा?"

"मागच्या सालचा. म्हने, पासष्टी उलटली, आता कोनाची नजर लागून राह्यली मले? यंदा सराले काढू द्यायचं. आठव्या माळेले पहाटीच दाढी केली. पोरीनं घेतलेला पांढरा सदरा घातला. म्या म्हनलं, सांगून या ना सराले. तं म्हने, लाज वाटते. समोर उभा राह्यतो, दिसनच त्याइले."

सर कठड्याला टेकले.

त्या सकाळी किटलीपुढे काहीतरी पांढरं आलं होतं. किटलीवरची उन्हाची तिरीप जायच्या बेतात होती. कुंचला भरून ते थांबले, वैतागले, आणि कठड्यावरून वाकून ओरडले होते, "कडूबा, जरा बाजूला सरक बरं! किटली झाकली जातेय!"

त्यानं मान वर केली होती. "हाव सर," म्हणाला आणि सरकला. सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर असणार. सर तेव्हा किटली पाहत होते.

"दुपारी घरी आले," सुभद्राबाई सांगत होती, "सदरा घडी करून ठेवला. म्हने, सर कामात व्हते. त्याइले वाटलं, दिसलेच नसतीन तुम्हाले. पन सदरा तं बराबर आला हाये. तुम्ही पाह्यलं व्हतं ना त्याइले?"

शटरची एक पट्टी कधी चुकू न दिलेला माणूस.

"हो," सर म्हणाले. "पाहिलं होतं."

सुभद्राबाईचे डोळे भरून आले. हार घालायला हेच नेते म्हणाली. सरांनी चित्र उतरवून तिच्या हातात दिलं.

"मी त्याइले म्हनलंच व्हतं," जिन्याशी थांबून ती म्हणाली, "सराइले दिसलं असन."