लाइन अडवू नये

गल्लीतले सगळे त्यांना एक्सचेंजबाई म्हणत. ज्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली तिथं आता चपलांचं दुकान आहे आणि त्यांच्या खुर्चीच्या जागी लहान मुलांचे बूट मांडलेले असतात. पण माणसाची नोकरी सुटते, नाव सुटत नाही.

काम तसं साधं होतं. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. दोरीचं एक टोक इकडे खुपसायचं, दुसरं तिकडे, आणि दोन माणसं बोलायला लागली की आपण बाजूला व्हायचं. ऐकायला मनाई होती, त्यामुळे ऐकलेलं सगळं विसरावं लागे. सुपरवायझरबाईंची शिकवण फार लांबलचक नव्हती. विचारलं तेवढंच सांगायचं आणि लाइन अडवायची नाही. कोणीतरी कायम रांगेत असतं. या शिकवणीनं नोकरीत बढती मिळते आणि घरात सगळे मुके होतात, हे मात्र सुपरवायझरबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंही नसेल.

बाईंचा एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाई मोबाइल वापरत, पण बटणांचा. बोलायला त्यांना जाड रिसिव्हरचा जुना फोनच लागे.

"कशी आहेस आई?"

"बरी आहे. तू?"

"मजेत."

"जेवलास?"

"हो."

"बरं, ठेवते मग."

आणि खरंच ठेवत. रिसिव्हर जागेवर बसला की बाईंना एकेक सुचायला लागे. गुडघ्याचं सांगायचं होतं. खालच्या शिंप्यांना नात झाली ते सांगायचं होतं. मुख्य म्हणजे तिकडे खोलीला खिडकी आहे का, तिच्यातून काय दिसतं, हे विचारायचं होतं. नवरा गेल्यापासून या घरात रांगेत कोणीच नव्हतं. लाइन अडली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. पण हाताला लागलेली सवय. सुचलेलं सगळं बाई पुढच्या रविवारपर्यंत जपून ठेवत आणि पुढच्या रविवारी पुन्हा "बरं, ठेवते मग."

तोंड दिसावं म्हणून महिन्यातून एकदा लॅपटॉपवर भेट व्हायची. लॅपटॉप मुलाचा, कॉलेजातला, जाताना मागे ठेवून गेलेला. तो सुरू व्हायला इतका वेळ घेई की बाई बटण दाबून भाजी निवडायला बसत. एके दिवशी त्यानं जाहीर केलं की आपली ऑपरेटिंग सिस्टिम आता जुनी झाली आहे आणि तोंडं दाखवण्याचं काम यापुढे होणार नाही.

"फेकून दे ना आई तो. नवा पाठवतो," मुलगा म्हणाला.

"चांगला चालतोय की."

"चालत नाही म्हणून तर बोलतोय आपण! बरं, मग सगळं पुसून हलकी सिस्टिम टाकू."

"पुसून नको. तुझं सामान आहे त्यात."

"माझं काहीएक नाही त्यात."

"असू दे."

म्हणजे काय असू दे, हे त्याला कळलं नाही. लॅपटॉप उघडला की गोल चौकटीत त्याचा कॉलेजातला फोटो येई, खाली त्याचं नाव, आणि त्याखाली पासवर्डची रिकामी जागा. नवी सिस्टिम टाकली की ती चौकट गेली असती. बाईंनी हे सांगितलं नाही. विचारलं नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. जुनी सिस्टिम राहील, शेजारी नवी येईल. लॅपटॉप सुरू करताना तो यादी दाखवून विचारेल, आज कुणाकडे जायचं. एका घरात दोन चुली. मुलानं करायचं काय ते फोनवर सांगितलं, बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून नव्या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह भरून आणला आणि एका सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून बसल्या. सगळं लिहिल्याबरहुकूम झालं. हिरवी पट्टी भरत गेली, अभिनंदनाचा मजकूर आला. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला आणि गोल चौकटीत मुलगा आला. यादी नाही, विचारणं नाही, नवी सिस्टिम औषधालाही नाही.

रविवार नव्हता तरी बाईंनी फोन लावला.

"आली का सिस्टिम?"

"नाही."

"म्हणजे गेली कुठे?"

"ते मला कसं कळणार? अभिनंदन म्हणाली आणि गेली."

मुलानं हार्ड डिस्कचे तुकडे दाखवणारी खिडकी उघडायला लावली. बाईंनी एकेक ओळ वाचून दाखवली. डिस्कवरची बरीच जागा कोणीतरी घेतली होती.

"म्हणजे आत आहे ती," मुलगा म्हणाला. "भाडेकरूनं खोली घेतली, सामान लावलं आणि दारावर पाटीच लावली नाही. थांब, शोधू. घाई नाही ना तुला?"

घाई नाही ना? बाईंना हे आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या.

मग रोज फोन यायला लागला. तिकडे त्याची जेवणाची सुट्टी असायची, इकडे संध्याकाळ. लॅपटॉप सुरू होताना कुठलं बटण दाबायचं, निळ्या पडद्यावर काय दिसतं, सुरक्षेचं कुलूप काढलंय का, आधी डिस्क बघतो की पेन ड्राइव्ह. बाई पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचत. त्यांचं वाचणं म्हणजे ऐकत राहावं असं; आकडे सुटे, अक्षरं स्वच्छ, आवाजाला चढ नाही की उतार नाही. मुलगा एकदा म्हणालाच, "आई, तू बातम्या द्यायला हव्या होत्यास." बाईंनी ते मनात घडी घालून ठेवलं.

पण यातलं खरं सुख वेगळंच होतं. लॅपटॉप दर पायरीनंतर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि तो जातीचा आळशी. तेवढ्या वेळात फोन ठेवता येत नव्हता, कारण काम संपलेलं नव्हतं. म्हणजे लाइन अडलेली होती, पण कामासाठी. एवढ्या पळवाटेतून बाईंच्या घरात किती काय आलं!

"काय खातोयस?"

"ब्रेड."

"नुसता?"

"आई, त्याला सँडविच म्हणतात."

"बसून खातोयस की उभ्यानं?"

"उभ्यानं."

"बस."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या एका दिवशी पट्टी सरकत असताना मुलगा म्हणाला की अक्षरं बारीक दिसतात, वाचण्यापुरता चष्मा लागलाय. बाईंच्या डोळ्यांसमोर गोल चौकटीतलं ते बिनचष्म्याचं तोंड आलं. "केव्हा लागला?" "झालं की वर्ष." "बोलला नाहीस." "तू विचारलं नाहीस," तो म्हणाला, रागानं नव्हे, गमतीनंच. "तू 'जेवलास' विचारतेस आणि ठेवतेस. मी 'हो'च्या पुढे काही सांगायला तोंड उघडतो तोवर तिकडे टूंऽऽ." बाईंनी ऐकून घेतलं. पडद्यावर पुन्हा मुलाचा फोटो आला. "आला?" त्यानं विचारलं. "तूच आलास," बाई म्हणाल्या. खोलीला खिडकी होती, हेही त्याच आठवड्यात कळलं. तिच्यातून दुसऱ्याची खिडकी दिसायची.

खालचे शिंपी मात्र बेचैन झाले. बाईंच्या ब्लाउजांचं माप त्यांच्याकडे असल्यामुळे सल्ला देण्याचा हक्कही आपल्याकडेच, असं ते धरून चालत.

"बाई, तो कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला चहा निवायच्या आत करून देईल."

"त्याला फार घाई असते."

"अहो, दुरुस्तीवाल्याला घाई असावी! मला नसली तर तुम्ही ओरडता."

"चालू आहे आमचं."

"रोज संध्याकाळी चालू आहे ते ऐकतोय मी. काल तर तुम्ही हसलात. बिघडलेल्या लॅपटॉपला हसणारं माणूस मी प्रथमच पाहिलं."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी बाईंनी कोणाला सांगितली नव्हती. लॅपटॉप सुरू होताना विशिष्ट बटण दाबलं की कशावरून सुरू व्हायचं त्याची यादी येते. त्या यादीत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा होतं. एकदा नुसतं आणि एकदा पुढे चार इंग्रजी अक्षरं लावून. पहिल्या दिवशी बाईंनी नुसतं नाव निवडलं होतं. बोर्डावरचा जुना नियम: एकाच माणसाच्या दोन लाइनी दिसल्या तर सरळ असेल ती घ्यावी, आडवळणाची घेऊ नये. मुलानं विचारलं, "पेन ड्राइव्ह निवडलास ना?" बाई म्हणाल्या, "निवडला." खरंच होतं.

पण रोज रोज तीच यादी वाचणाऱ्याला कधीतरी शंका येतेच. जुन्या सिस्टिमच्या नावापुढेही तीच चार अक्षरं आहेत, हे एका संध्याकाळी बाईंच्या ध्यानात आलं. जुनी एका दारानं घरात आलेली आणि आपण नवीला भलत्याच दारानं घेतलं, असं तर नव्हे? मुलगा तेव्हा तिकडच्या धोबीघरातल्या यंत्रानं खाल्लेल्या मोज्याची गोष्ट सांगत होता. एकच मोजा गेला होता, दुसरा त्यानं फेकला नव्हता. बाईंनी शंका गिळली. त्यानं विचारलं नव्हतं.

मुलगा काय विचारत नाहीये, याच्यावर त्यांनी आणखी काही संध्याकाळी काढल्या. हयातभर दुसऱ्यांच्या लाइनी त्यांनी वेळेवर मोकळ्या केल्या. तीन मिनिटं झाली की प्रेमिकांना, व्यापाऱ्यांना, एकदा तर रडणाऱ्या माणसालाही मध्येच "वेळ झाली" म्हणाल्या. आता स्वतःसाठी एक लाइन अडवून बसल्या होत्या, आणि पकडणारी सुपरवायझर कुठेच नव्हती, म्हणून जास्तच भीती वाटत होती.

मग एका संध्याकाळी मुलाचा आवाज दमलेला आला.

"आई, सोडून देऊ या हे. मी नवा लॅपटॉप मागवतोय. खोक्यातून काढायचा, बटण दाबायचं, चालू. तुला काही करावं लागणार नाही."

काहीही करावं न लागणारा लॅपटॉप! त्याबद्दल बोलायचं काय? "आला?" "आला." "चालतोय?" "चालतोय." "बरं, ठेवते मग."

"तू दमलास का रे?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही गं. माझी जेवणाची सुट्टी जाते यात, आणि सापडत काहीच नाही. तुला मदत करता येत नाही याचंच वाईट वाटतं. एवढं शिकलो आणि आईचा लॅपटॉप..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

हे बाईंनी हिशेबात धरलं नव्हतं. आपण लाइन अडवली ती कोणाची, तर ज्याच्याशी बोलायचं त्याचीच.

"ऐक," त्या म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो."

"काय?"

"एकदा नुसता, एकदा पुढे चार अक्षरं. मी नुसता घेतला."

त्यानं चारही अक्षरं बाईंकडून वाचून घेतली, आणि एकदम मोठ्यानं हसला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आई, हे केव्हापासून दिसतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

बाकी काम मग फार नव्हतं. आधीचा बिनपाटीचा भाडेकरू काढून टाकला, चार अक्षरांच्या दारानं नवी सिस्टिम घेतली. पट्टी भरली. या वेळी जरा भराभरच भरली, असं बाईंना वाटलं. लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर यादी उभी राहिली. वर नवी, खाली जुनी. दोघींची नावं स्पष्ट. बाईंनी ती आपल्या त्या आवाजात वाचून दाखवली.

"झालं!" मुलगा म्हणाला.

"झालं," बाई म्हणाल्या. आणि मग, कोणीही रांगेत नसताना, "बरं, ठेवते मग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला. आधी जुनीकडे जाऊन चौकट बघितली. फोटो होता. मग नवीकडे गेल्या. ती चटकन आली, भाजी निवडायलाही वेळ दिला नाही. सगळं ठीक होतं. काढायला खोड नव्हती. बाईंनी झाकण मिटलं आणि खालच्या शिंप्याचं मशीन ऐकत बसल्या. फोनची वेळ झाली आणि टळली. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तसंच. तिसऱ्या दिवशी जिन्यात शिंपी भेटले, म्हणाले, "झाला वाटतं दुरुस्त." बाई म्हणाल्या, "झाला." शिंप्यांनी अभिनंदन केलं नाही. त्यांचं माप चुकत नसे.

फोन वाजला तेव्हा बाई कपडे दोरीवर घालत होत्या. वार कुठलातरी मधलाच. ओल्या हातानंच रिसिव्हर उचलला.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही." तिकडे ब्रेडच्या कागदाचा आवाज आला. "तुझं... म्हणजे लॅपटॉपचं काही बिघडलंय का आणखी? सहज विचारतोय."

बाईंनी टेबलाकडे बघितलं. लॅपटॉप मिटून, धडधाकट पडला होता. चालू असलेल्या लाइनीला त्या आयुष्यात कधी बंद म्हणाल्या नव्हत्या. एकदा एका बड्या अधिकाऱ्यानं सांगूनसुद्धा नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "आवाज जरा कमी येतो बघ त्यातून."

"कमी म्हणजे किती कमी?"

"ते उघडून बघावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे," मुलगा म्हणाला, आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.