वेताळाला मोरीत बसवलं तेव्हा

"काका, मुखवटा लावा आणि मोरीत बसा. देव भांडी घासतोय, असा शॉट आहे."

मालकाचा मुलगा माझ्याच घरात, बूट घालून, ओट्याला टेकून मला सांगत होता. त्याच्या वडिलांच्या सातपूरच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. कंत्राटावर. एक बोल्ट कमी भरला तर मला जेवण जात नाही. कंत्राट महिनाअखेरीला संपणार होतं. म्हणून त्याच्या शॉर्ट फिल्मला घर दिलं.

मुखवटा वेताळाचा. पेठकडच्या आमच्या गावात बोहाडा होतो, देवांची सोंगं नाचतात. वेताळ आमच्या घराण्याकडे. वडिलांनंतर मी. रंग द्यायला तो नाशिकला आणला होता. बोहाड्याशिवाय कधी तोंडाला लावला नव्हता.

"असा घरात लावत नाहीत, साहेब."

"अहो, कागदाचा लगदा आहे तो. आणि तुमच्यात तर दारू पिऊन नाचतातच की!"

कॅमेरावाला हसला. मीही हसलो. भीतीनं.

लावला. आत काळोख. स्वतःचाच गरम श्वास. वेताळाची भीती जास्त की मालकाची, कळेना. हातात तवा आणि काथ्या घेऊन उकिडवा बसलो.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. आमच्यात मुखवटा चढला की आत नवरा उरत नाही, देव असतो. तिनं ट्रे खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि त्या ओल्या मोरीत माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

"कमाल! वहिनी, परत करा! आता जरा कॅमेऱ्याकडे बघून!"

सगळे हसले. तिनं मान वर केली नाही.

मी मुखवटा काढला.

"तिचं शूटिंग पुसा."

"काका, तुमचं कंत्राट पप्पाच बघतात हं."

"माहीत आहे. पुसा. माझ्यासमोर."

आवाज चिरकला. तरी दारात जाऊन उभा राहिलो. हललो नाही. शेवटी कॅमेरावाल्यानं पुसलं. मी स्क्रीनवर बघून खात्री केली, मगच बाजूला झालो.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "कामावर नाय घेतलं तर?"

मी मुखवटा कापडात गुंडाळत होतो.

सोमवारी गेटवर जाईन. अडवलं तर सगळ्या शिफ्टसमोर कारण विचारीन. माझ्या मोरीत काय झालं तेही मोठ्यानं सांगीन. भीती आहेच. ती घेऊनच जाईन.