दामाजीचे कावळे

कोपरला 'सागरदर्शन' नावाच्या इमारतीत, जिथून सागर सोडाच, धड गटारही दिसत नसे, दामाजी राहायला आला तो ठाण्याच्या कोळीवाड्यातून. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शेजारपाजारी तेव्हा गोल्डफिशचं वेड होतं. दामाजीला ते मासे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारखे वाटत. नटायचं आणि तोंड हलवायचं. त्याने बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात खाडीतले खरबी मासे सोडले. पाणी मेव्हणा उत्तनहून कॅन भरून आणी. तळून खायचा मासा हा माणूस पाळतो, हे बघून शेजारचे बाबुराव मनापासून हळहळत.

पण टाकीचे खरे मानकरी वाळूखाली असत. खाडीतल्या गोगलगाई, सुपारीहून लहान. एरवी त्यांचा पत्ता नसे. मेलेल्याचा वास पाण्यात पसरला की वाळूतून एक बारीक सोंड वर येई, इकडेतिकडे हुंगे, आणि मग सगळी पलटण निघे. सकाळी माशाचा नुसता काटा उरलेला असे. धडधाकट जिवाला मात्र त्या तोंड लावत नसत. टाकी अशी स्वच्छ राही की नगरपालिकेने धडे घ्यावेत.

दामाजी त्यांना 'कावळे' म्हणे. खरबी मेली की तो पाहुण्यांना टाकीपुढे बसवी आणि दहाव्याला उभं राहिल्यासारखा हात जोडून उभा राही.

"शिवला कावळा," तो म्हणे. "हिची काही इच्छा राहिली नव्हती. तुमची असली तर आत्ताच सांगून ठेवा, बाबुराव."

बाबुराव चहा अर्धा टाकून उठत. बायको शेवंती कधी हसत नसे. "घरात कावळे पालू नये," एवढंच म्हणे.

दामाजीला साखर होती. त्यासाठी डब्यात गोळ्या होत्या आणि खिशात जिलबीही होती. भाचीच्या लग्नात त्याने नवे, कडक बूट घातले आणि हळदीला पोरांना लाजवील असा नाचला. पुढे कित्येक दिवस तो सांगत फिरला, "एवढा नाचलो, पण पाय दुखला म्हणून नाही."

मग एका रविवारी, मे महिन्यात, टाकी धुवायला काढली. खरब्या बादलीत गेल्या. कावळे वाळू-पाण्यासकट प्लॅस्टिकच्या टबात, गॅलरीत. वीज गेलेली, अंगाची लाही होत होती. दामाजीने लेंगा वर खेचला आणि दोन्ही पाय टबात सोडून डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले तर वाळूतून एक सोंड वर आली होती. मग दुसरी. मग सगळी वाळू हलायला लागली.

"शेवंते, इकडे ये," त्याने खुशीत हाक मारली. "पाया पडायला आलेत बघ. पोटच्या पोरांनी कधी केलं नाही, ते हे करतायत."

शेवंती चहा घेऊन आली आणि कप हातात धरून बघत राहिली.

"सगले डाव्याच्याच पाया पडतात."

"डावा मोठा असेल वयानं."

"उजव्याला एक पन नाय," ती म्हणाली. "पाय वर घ्या."

"अगं, आशीर्वाद तर देऊ दे."

"पाय वर घ्या म्हनते ना."

त्याने पाय वर घेतला. अंगठ्याखाली गोगलगाई लटकलेल्या होत्या. शेवंतीने एकेक सोडवली. खाली कातडी काळी पडली होती आणि मधे बोट जाईल एवढी जागा झाली होती. तिने कडेला दाबलं.

"दुखतंय?"

"नाही," दामाजी म्हणाला. हेच 'नाही' तो इतके दिवस फुशारकीने सांगत होता. आता ते त्यालाच ऐकवेना. टबात एक सोंड अजून पाण्यात हलत होती, पाय कुठे गेला ते शोधत.

डॉक्टर म्हणाले, अंगठा जाईल, उशीर केला असतात तर पाय गेला असता. भूल उतरल्यावर त्यांनी विचारलं, "दुखत नव्हतं, तर लक्षात कुणाच्या आलं?"

"कावळ्यांच्या," दामाजी म्हणाला. डॉक्टरांनी भूल उतरायची आणखी थोडी वाट पाहिली.

जिलबी सुटली. बूटही गेले. डॉक्टरांनी तळपाय रोज आरशात बघायला सांगितलं होतं, पण शेवंतीचा आरशावर विश्वास नव्हता. जखम पूर्ण भरल्यावर दर रविवारी ती टब भरी आणि त्याला पाय बुडवायला लावी. हे डॉक्टरांना सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. वाळू शांत राही.

"आता कुणी पाया पडत नाही," दामाजी रुसून म्हणे. "मान राहिला नाही."

"नाय राहिला तेच बरं," ती म्हणे आणि चहा टाकायला जाई.

दिवाळीनंतरच्या एका रविवारीही ती अशीच चहा टाकायला वळली होती. दामाजीने हाक मारली नाही, विनोदही केला नाही. म्हणून ती थांबली.

टबात उजव्या पायाजवळची वाळू किंचित उचलली गेली होती. तिच्यातून एक बारीक सोंड वर आली, आणि दोघांच्या देखत हुंगू लागली.