तीन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही

डॉक्टरांनी एक्स-रे आधी मला दाखवला नाही, माझ्या मुलीला दाखवला. मी स्ट्रेचरवर आडवी होते. पडद्याच्या पलीकडून मला फक्त तिचा आवाज येत होता. ती विचारत होती, "पण तिची तर नडगी दुखायची ना? ती भरून आली होती." डॉक्टर म्हणाले, "ये नडगी नहीं है बेटा. ये हिप है."

मग ते पडदा सारून माझ्याजवळ आले. वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की मांडीचं हाड वर जिथे खुब्यात बसतं, तिथली मान मोडली आहे आणि जागेवरून सरकलीही आहे. त्याला फीमोरल नेक फ्रॅक्चर म्हणतात. मग विचारलं, "मॅडम, ये आज का दर्द नहीं है. कब से था?"

माझी मुलगी सानिका त्यांच्या मागे उभी होती. खोटं बोलायला आता जागाच नव्हती.

"तीन आठवडे," मी म्हणाले.

सानिका बाहेर गेली, आणि ऑपरेशनच्या कागदांवर सही करायला तिचे बाबा आले तेव्हाच आत आली.

मी काचीगुड्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. घरात आम्ही तिघं. माझे यजमान श्रीकांत सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात आहेत आणि सानिका आमची एकुलती एक. पळणं हे खरं म्हणजे तिचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ती पहाटे विद्यापीठाच्या आवारात पळायला जायला लागली. अंधारात एकटी नको, म्हणून मी सोबत जायचे आणि कट्ट्यावर बसून राहायचे. थंडी वाजायला लागली म्हणून चालायला लागले. चालता चालता एक दिवस पळाले. तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं. शाळेत आणि घरात मिळून दिवसभर मी कुणाची ना कुणाची काही तरी असायचे. त्या पाऊण तासात मी कुणीच नसायचे. ते मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

पहिलं दुखणं आलं ते वर्षभराने, हाफ मॅरेथॉनची तयारी करताना. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटाने दाबलं की जीव जायचा, तोही नेमक्या एकाच जागी. एक्स-रे स्वच्छ आला. बाम लावून मी आणखी दहा दिवस पळाले. मग एमआरआय झाला आणि स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. पळताना हाडाला रोज बारीक इजा होते आणि विश्रांतीत हाड ती स्वतःच भरून काढतं. इजा जास्त आणि विश्रांती कमी झाली की हाडाला केसाएवढी चीर पडते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून सुटलो असं समजू नका.

आठ आठवडे पळणं बंद. मी ते निमूट पाळलं. सानिका रोज पळून आली की माझ्याजवळ बसून नाश्ता करायची आणि कोणत्या झाडाला फुलं आली ते सांगायची.

दहा महिन्यांनी त्याच नडगीवर, त्याच जागी पुन्हा चीर. यावेळी डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन करायला लावला. ही हाडांची घनता मोजणारी तपासणी असते. टेबलावर नुसतं पडून राहायचं, दुखत नाही. माझी हाडं वयाच्या मानाने बरीच विरळ झालेली निघाली. पाळी बेचाळिसाव्या वर्षीच थांबली होती, त्याकडे मी सुटका म्हणून पाहिलं होतं. शिवाय पळून वजन उतरतंय या आनंदात मी जेवण कमी केलं होतं. दोन्ही गोष्टी हाडांना भोवल्या.

त्या दिवशी दवाखान्यात मी एकटीच गेले होते. डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितलं. औषधं घ्या, नीट जेवा, दोन महिन्यांनी थोडं थोडं पळा. दहा किलोमीटर ठीक. फुल मॅरेथॉनचं नाव काढू नका. आणि जांघेत दुखलं तर त्याच दिवशी पळणं थांबवून माझ्याकडे या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

घरी येऊन मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवा."

मी असं का केलं, हे मला पुष्कळांनी विचारलं. सानिकाला जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरात ती जाणार होती. ऑगस्टमध्ये आपल्या शहरातली मॅरेथॉन दोघींनी मिळून पूर्ण पळायची, बेचाळीस किलोमीटर, असं आम्ही कधीचं ठरवलं होतं. एकदा ती गेली की परत अशी पहाट मिळणार नाही, हे मला माहीत होतं. मला तिच्या शेजारी पळत शेवटची रेषा ओलांडायची होती. त्यापुढे डॉक्टरांचं बोलणं मला नुसती काळजीची सूचना वाटली.

सहा महिने खरंच बरे गेले. नडगी दुखली नाही. मी औषधं घेतली, दूध प्यायले, अंडी खाल्ली. सानिका म्हणायची, "आई, तू एकदम फिट है अब." जूनमध्ये आम्ही दोघी पंचवीस किलोमीटर पळालो आणि परत येताना रस्त्यावरच्या गाडीवर इडली खाल्ली. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जांघेत दुखायला लागलं. तीक्ष्ण नाही, आत खोल कुठेतरी ठसठसायचं. पळायला लागलं की दोन किलोमीटरनंतर वाढायचं आणि थांबलं की कमी व्हायचं. मी स्वतःला सांगितलं, स्नायू आखडला असेल. पण डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. मी कळू द्यायला तयार नव्हते.

सानिका घरात नसताना मी जिन्यावरून एकेक पायरी कठड्याला धरून उतरायचे. पळायला जायच्या आधी वेदनाशामक गोळी घ्यायचे. गोळीने दुखणं कमी होतं, चीर कमी होत नाही. उलट शरीर देत असलेली एकुलती एक सूचना आपण बंद करतो. हे मी आता दुसऱ्यांना सांगते. त्या वेळी मला समजावणारं कुणी नव्हतं, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

तो रविवार तीस किलोमीटरचा होता. नेकलेस रोडवर बाविसाव्या किलोमीटरला, पुलाचा उतार उतरताना, जांघेत काहीतरी निसटलं. आवाज आला की मला वाटला, ते सांगता येणार नाही. उजवा पाय खचलाच. सानिका माझ्या पाच पावलं पुढे होती. ती वळली तेव्हा मी रस्त्यावर पडले होते आणि माझं उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. रस्ता झाडणारी एक बाई धावत आली, माझं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि "लेवकु अम्मा, लेवकु," म्हणत राहिली. उठू नका, असं ती सांगत होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. डॉक्टरांनी घाई का केली तेही सांगते. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नसा या मानेवरून जातात. हाड सरकलं की त्या तुटू शकतात आणि मग रक्ताविना गोळा आतून मरत जातो. त्याला एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. हाड जागेवर आणून तीन स्क्रू घातले. "हाड जुळेल असं वाटतं, पण रक्तपुरवठ्याचं दोन वर्षं काही सांगता येणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. मी मॅरेथॉनबद्दल विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं, "रनिंग अब भूल जाइए."

दवाखान्यात सहा दिवस होते. श्रीकांत ऑफिसमधून थेट यायचे, डबा उघडून द्यायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. रागावले नाहीत. एकदाच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतंस." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सानिका सगळं करत होती. बेडपॅन, औषधं, केस विंचरणं. पण माझ्याशी कामापुरतंच बोलायची. फिजिओथेरपीला फरहीन नावाची तरुण मुलगी यायची. वॉकर धरून पहिल्यांदा उभी राहताना मी "नाही दुखत" म्हटलं. ती थांबली आणि म्हणाली, "आंटी, दुखता है तो बोलो. नक्को छुपाओ. मेरेकू मालूम होना." सानिका शेजारीच होती. तिने मान दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर सहा आठवडे उजव्या पायावर भार द्यायचा नव्हता. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला उचलून वर नेलं, ती मी तिथेच राहिले. पलंग ते न्हाणीघर आणि परत.

शर्यतीचा दिवस पाचव्या आठवड्यात आला. सानिकाचा नंबर आणि टी-शर्ट मैत्रिणीने आणून दिले होते. तू जा, मी घरून फोनवर बघत राहीन, असं मी तिला आठवडाभर सांगत होते. ती हो-नाही काही म्हणाली नव्हती. त्या पहाटे मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. ती घरीच होती, उपम्यासाठी रवा भाजत होती.

मी वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. "तू जायला हवं होतंस," मी म्हटलं.

तिने गॅस बंद केला. पाठमोरीच राहिली.

"आई, मला मॅरेथॉन नको होती. ती तुला हवी होती, म्हणून मी हो म्हटलं होतं. मला तू पाहिजे होतीस. तू दुखतंय म्हणाली असतीस तर आपण दोघी नुसत्या चाललो असतो. टँकबंडवर तलावाकाठी बसून चहा प्यायलो असतो. दोन महिने उरले होते आपल्याकडे. सगळे गेले."

ती वळून आली, मला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली आणि उपमा करायला परत गेली. आम्ही दोघींनी तो खाल्ला. खाताना दोघी रडत होतो.

सप्टेंबरात ती गेली. मला जिना उतरता येत नव्हता, म्हणून विमानतळ सोडाच, खालच्या दारापर्यंतही जाता आलं नाही. मी वरच्या जिन्याशी वॉकर धरून उभी राहिले. तिने वाकून नमस्कार केला, मला धरलं आणि म्हणाली, "पडू नकोस." मग बॅगा एकेका पायरीवर आपटत खाली गेल्या. गाडीचं दार लागल्याचं ऐकू आलं. मी तिथेच बराच वेळ उभी होते, कारण श्रीकांत तिला पोचवायला गेले होते, खुर्चीपर्यंत न्यायला कुणी नव्हतं आणि एकटीने वळायची मला भीती वाटत होती.

चार महिन्यांनी हाड जुळलं. वॉकर गेला, काठी आली, आणि मी शाळेत रुजू झाले. आठव्या महिन्याच्या एमआरआयमध्ये खुब्याच्या गोळ्यात एक लहानसा भाग मेलेला दिसला. तो तेवढाच राहील किंवा वाढेल. वाढला तर सांधा बदलावा लागेल. दर सहा महिन्यांनी तपासणी आहे.

लोक चांगल्या मनाने म्हणतात, चालता तर येतंय ना. हो, येतं, आणि त्याची किंमत मला कळते. डॉक्टरांचे, फरहीनचे, श्रीकांतचे, रस्त्यावरच्या त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. पण पहाटे खिडकीखालून कुणी पळत गेलं की मी अजून उठून बसते. अजून त्रास होतो. तो होत नाही असं लिहिलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

तुमच्यापैकी कुणी पळत असेल आणि तीच जागा पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर माझं एवढं ऐका. दुसऱ्यांदा झालेली दुखापत म्हणजे नशीब नव्हे, कारण शोधा. हाडांची तपासणी करून घ्या, विशेषतः पाळी लवकर थांबली असेल तर. पोटभर जेवा. जांघेत दुखलं तर एक पाऊलही पळू नका. आणि डॉक्टरकडे कुणाला तरी सोबत न्या, म्हणजे घरी येऊन वेगळं सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात सानिकाचा फोन आला. इतके दिवस आमच्या बोलण्यात पळण्याचा विषय यायचा नाही. ती म्हणाली, "आई, मी परत रनिंग सुरू केलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते." मग म्हणाली, "पण चार दिवस झाले नडगी दुखतेय. एकाच जागी. मी थांबवलंय. उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे."

कुठे दुखतं, दाबल्यावर किती दुखतं, ते सगळं मी तिला विचारलं. तिने सगळं सांगितलं, एकेक करून, न लपवता. सांगितलंस ते बरं केलंस, एवढंच मी म्हणाले. फोन ठेवला, आणि शाळेत जायची वेळ झाली होती तरी पलंगाच्या कडेवर बसून रडत राहिले. श्रीकांत समोर येऊन बसले. काय झालं, असं त्यांनी विचारलं. या वेळी मी त्यांना सांगितलं.