आठपैकी दोन

नईम सर गेल्याची बातमी आम्हा तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. वर कुणीतरी आदर्श उत्तरपत्रिका मागितली होती, आणि खाली एवढंच, ‘नईम सर आज सकाळी नांदेडला वारले.’ त्याखाली एका गुरुजींनी सवयीनं अंगठा टाकला होता. थोड्या वेळानं त्यांनी तो काढला. मला राग आला नाही. बारावीच्या दिवसांत आमच्यात एवढंच त्राण उरतं. आज सहा आठवडे झाले, यंदाचे गठ्ठे टेबलावर येऊन पडलेत, आणि मला सरांबद्दल लिहायचं आहे. खरं तर एकाच उत्तराबद्दल लिहायचं आहे.

बारावीला तत्त्वज्ञान घेणारी मुलं थोडी, शिकवणारे त्याहून थोडे. विषय सोपा आहे असं मुलांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ती गाइड पाठ करतात आणि आम्ही एप्रिलभर तेच गाइड शंभर वेगवेगळ्या अक्षरांत तपासतो. व्याख्या आली, एक गुण. तत्त्वज्ञाचं नाव आलं, एक गुण. रेणापूरच्या कॉलेजात मी हा विषय शिकवतेय त्याला वीस वर्षं होतील, पण कुठल्या उत्तरानं माझी झोप उडवली असं म्हणायची सोय नाही. नईम सरांचं तसं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं नांदेडला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, खाली दुकान, वर घर. सर उत्तरपत्रिका उघडायचे तीही घड्याळ उघडल्यासारखी, सावकाश. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, सरबताचे पेले ठेवून जायच्या आणि ते तसेच कोमट होत राहायचे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सर त्या वर्षी पहिल्यांदाच नियामक झाले होते. म्हणजे आम्ही परीक्षकांनी तपासलेल्या पेपरांतले काही त्यांनी पुन्हा बघायचे आणि गुण कमी-जास्त वाटले तर बदलायचे. मी माझे गठ्ठे घेऊन सकाळच्या बसनं लातूरहून त्यांच्याकडे गेले. ऊन मी म्हणत होतं. माझी परतीची बस चारची होती आणि तीन वाजता सर एका पेपरवर थांबले. प्रश्न होता, माणूस खरोखर स्वतंत्र आहे का? आठ गुण. मी दोन दिले होते.

‘मॅडम, हे ऐका जरा,’ म्हणून त्यांनी ते वाचून दाखवलं. मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, ‘या परीक्षेत पास झाले नाही तर माझी शाळा बंद, असं घरी ठरलं आहे. मी नाही म्हणू शकते. पण मी नाही म्हटलं तर माझ्या धाकट्या बहिणीला पुढच्या वर्षी शाळेत घालणार नाहीत. मला तोंड आहे, म्हणून मी स्वतंत्र आहे का?’ असं दीड पान. कुठल्या तत्त्वज्ञाचं नाव नाही, व्याख्या नाही. बाकीच्या पेपरात गाळलेल्या जागा होत्या. एकूण गुण पास व्हायला दोन-तीन कमी, असे काठावर येऊन अडले होते.

‘लई विचार केलाय पोरीनं,’ सर म्हणाले.

‘मुद्दे नाहीत सर.’

‘हाव, मुद्दे न्हाईत...’ त्यांनी पान पुन्हा वाचलं. ‘पण तुम्ही सगळा गठ्ठा तपासला. बाकीच्या पोरांशी ताडून दिले असतील. मी एकच पेपर बघून राहिलो.’ आणि त्यांनी माझे दोन गुण तसेच ठेवून सही केली. मला चारची बस मिळाली.

त्यानंतर दर वर्षी भेटलो की सर कधीतरी विचारायचे, ‘त्या पोरीचं काय झालं असंल?’ ते कळणार कसं? नाव आणि नंबर स्टिकरखाली झाकलेले असतात. बिलोलीची होती की इस्लापूरची, हेही आम्हाला ठाऊक नाही. मला तो प्रश्न नकोसा व्हायचा. मी विषय बदलायचे.

जानेवारीत त्यांना भेटायला गेले तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आवाज अगदी बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘मॅडम, त्या पोरीला दोनच दिले आपण.’

आपण म्हणाले. दिले होते मी.

‘एवढी वर्षं तुम्हाला सरळ इचारलं न्हाई. अविश्वास दाखवल्यावानी झालं असतं. आता सांगा, कशात कमी पडली ती?’

मी म्हणाले, ‘विचार होता सर, पण शेवटपर्यंत नेला नव्हता.’

त्यांनी डोळे मिटले. ‘हाव... तसंच असंल. मंग ठीक हाय.’ त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मला तिथं बसवेना.

मी ते उत्तर वाचलंच नव्हतं. अधोरेखित केलेलं काही दिसलं नाही, नाव दिसलं नाही, दोन गुण टाकून पान उलटलं होतं. सरांनी वाचून दाखवलं तेव्हाच ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दुपारी मी ‘माझं चुकलं’ म्हटलं असतं, तर तुम्ही बाकीचे तरी वाचलेत का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागले असते. मी थकले होते, एवढंच कारण. आजही दुसरं सापडत नाही. सरांनी मात्र माझ्या त्या दोन गुणांमागे काहीतरी विचार असणार असं धरून बारा वर्षं तो शोधला.

ती मुलगी आता तिशीची असेल, जिथं असेल तिथं. मला तिची लाज वाटते.

हल्ली गठ्ठा संपायला दुप्पट दिवस लागतात. बोर्डाकडून फोन येतात, मॅडम, किती राहिले? काल याच प्रश्नाच्या एका उत्तराला मी दोन गुण दिले. तीनदा वाचून दिले. उत्तर खरंच कच्चं होतं, का ते मला ओळ दाखवून सांगता आलं असतं. पेन खाली ठेवलं आणि वाटलं, आता विचारा सर.